मुठीची कणगी

"सरू, दोन गोष्टी कधी करायच्या न्हाईत. कणगीत डोकवायचं न्हाई, आन् घेणाऱ्याच्या हाताकडं बघायचं न्हाई. तू आपली देवाकडं तोंड करून बस."

माझ्या सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातावरची हळद अजून उतरली नव्हती. आमचं घराणं गुरवाचं. वडिवळ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत आमचं गाव, आणि गावच्या भैरोबाची पूजा-दिवाबत्ती आमच्याकडे. देवाबरोबर देवळाच्या ओवरीतली कणगीही आमच्याच पदरात आलेली. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची ती कणगी कुण्या एकाची नव्हती. साऱ्या गावाची होती.

सकाळी चुलीवर आधण ठेवलं की गावातली प्रत्येक बाई शिजवायच्या तांदळातली एक मूठ धुण्याआधी बाजूला काढायची आणि देवळात घेऊन यायची. सभामंडपाच्या भिंतीत बांबूची एक नळी बसवलेली होती. तिचं दुसरं तोंड भिंतीपलीकडे, ओवरीत, बरोबर कणगीवर. नळीत मूठ सोडायची, देवाला हात जोडायचे आणि घरी जायचं. ज्याच्या घरी उपास असेल त्याचा त्या दिवसाचा वाटाही तिथेच. आणि ज्या घरची चूल अडली असेल त्या घरचं माणूस ओवरीत जायचं, कणगीच्या बुडाशी लावलेला चिंध्यांचा बोळा काढायचं, घरात जितकी तोंडं तितक्या ओंजळी घ्यायचं, बोळा परत लावायचं. त्याला कुणी विचारायचं नाही. त्यानंही सांगायचं नाही. मी गाभाऱ्याकडे तोंड करून समईची वात सारखी करत बसलेली असायची.

"बघितलं की माणूस लाजतंय," सासूबाई म्हणायच्या, "आन् लाजलं की उपाशी मरंल, पर येणार न्हाई." कणगीत न डोकवायचं कारण मात्र त्यांनी वेगळं सांगितलं होतं. मोजलं की बरकत जाते.

त्या गेल्या, तरी मी दोन्ही गोष्टी पाळल्या. माझी नेमाची कामं ठरलेली होती. पहाटे नदीवर अंघोळ, तुळशीला पाणी, भैरोबाचा दिवा, आणि दिवा लागेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. सोमवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या धरायच्या आणि त्या दिवसाचा माझा वाटा नळीत सोडायचा. तांदूळ सळसळत खाली जायचे आणि आतल्या तांदळावर मऊ आवाज करून निजायचे. त्या आवाजानं माझा उपास हलका व्हायचा.

ज्या साली मानमोडीचा ताप आला, त्या सालचं हे सांगते.

लावणीपुरता पाऊस पडला. भात पोटरीत आलं आणि पाणी तुटलं. उत्तरा कोरडी गेली, हस्तही कोरडा. खाचरं भेगाळली. लोंब्या वर आल्या, पण हातात घेऊन चुरगाळल्या तर नुसतं तूस. लोक म्हणाले, असू दे, मागच्या सालचं थोडं आहे, कणगी आहे. तेवढ्यात ताप आला. कुणी म्हणे मुंबईहून गिरणीतल्या माणसांबरोबर रेल्वेनं आला, कुणी म्हणे लोणावळ्याच्या धरणाच्या कामावरून. येईना का कुठूनही. मान मोडून माणूस अंथरुणाला टेकायचं आणि त्याच्याबरोबर घरातलं दुसरं, तिसरं.

आमच्या घरचे, माझे मालक, तेही पडले. उठले, पण पायातलं बळ गेलं. भिंतीला टेकून बसायचे आणि बोलायची खोड तेवढी शाबूत होती. मी एकादशी धरली की म्हणायचे, "आता सारं गावच एकादशी करतंय. तुझ्या पुण्याला भाव काय राहिला?"

मी हसायची. दुसरं काय करणार?

घेणारे वाढले हे मला पाठीमागच्या पावलांवरून कळत होतं. पूर्वी आठवड्यातून कुणी एखादं यायचं. आता सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर माणसं बसलेली. आणि नळी गप्प होत चालली होती. त्यात कुणाचा दोष नव्हता. चूल पेटली तर मूठ निघायची. ज्यांची पेटत होती त्यांच्या घरीही आता भाताऐवजी रानातले करांदे उकडायचे. करांद्याची मूठ कशी काढायची? माझ्या उपासाचा वाटाही आता घरच्यांच्या पेजेत जायचा.

मग बोलणं सुरू झालं. कणगी इतक्या लवकर उतरते कशी? कुणीतरी जास्त ओढतंय. आणि बोट गेलं झुंबरबाईकडे.

झुंबर वरच्या पाड्यावर राहायची. गावात पत्रावळी आणि सरपण घेऊन उतरायची. तिचा नवरा हौशीराम धरणाच्या कामाला लोणावळ्याला गेला होता. तो तापानं फणफणत चालत घरी आला आणि दारातच पडला, तो उठलाच नाही. मागे दोन लेकरं, एक शेळ्या राखायच्या वयाची पोर आणि एक अंगावर पिणारं. चांगल्या दिवसांत झुंबरही मूठ आणायची, पण तिची मूठ वरीची किंवा नाचणीची असायची. गावातल्या बायका कुरकुरायच्या, तांदळात नाचणी निवडत बसायचं का? सासूबाई त्यांना म्हणायच्या, "निवडू नगा. मग घासात लागली की तिची आठवण काढा."

एका सकाळी अंबाजी पंच चारपाच जणांना घेऊन देवळात आले. गावातले वडीलधारे, आवाज खणखणीत. मी त्यांना आबा म्हणायची.

"सरू," ते म्हणाले, "आजपास्नं तू कणगीकडं तोंड करून बसायचं."

"आबा, ते जमायचं नाही."

"का? मान आखडलीय?"

बाकीचे हसले. मी म्हटलं, "सासूबाईंचा शब्द आहे. आणि भैरोबा बघतोच की."

"भैरोबाला काय जातंय बघायला? त्याला भूक लागत न्हाई."

नथू म्हणून एक जण मागून बोलला, "ती झुंबर रोज दिसती हितं. दोन कच्चीबच्ची, आन् रोज?"

"झुंबर जास्त घेत नाही," मी म्हटलं.

अंबाजीआबा माझ्याकडे वळले. "तू बघितलंस व्हय?"

"नाही."

"मग कशावरून?"

"कणगीपाशी बसली की तिला हुंदका येतो, आबा. जास्त घेणारा असा रडत बसेल का? तो आपला आटपून निघेल."

आबांनी पागोटं काढून पायरीवर ठेवलं. "मीच बघतो. बरकत जायची तर माझ्या टाळक्यावर जाऊ दे." मी उठून आडवी आले नाही. ते माझ्यापेक्षा वडील. ते ओवरीत गेले, दगडावर चढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही आवाज नाही. मी देवाकडेच बघत होते.

बाहेर आले ते दार ओढून घेत. म्हणाले, "आता हिला कुलूप."

"किती हाय आत, आबा?" नथूनं विचारलं.

"हाय. पर असं लुटू देणार न्हाई. दिवाळी सरली की माझ्या हातानं घरटी वाटीन. तवर कुणी दाराला हात लावायचा न्हाई."

त्यांच्या घरचं भलंमोठं कुलूप ओवरीच्या कडीला लागलं. किल्ली त्यांनी करदोट्याला बांधली. त्या दिवसापासून गाव त्यांना शिव्या घालू लागलं. पंच तांदळावर नाग होऊन बसलाय. स्वतःच्या घरी रात्री पोती वाहतोय. म्हातारा कुठून निघाला की बायका मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायच्या. तो मान खाली घालून जायचा. ज्याचा आवाज वेशीवरून ऐकू यायचा, तो माणूस उलटून एक शब्द बोलायचा नाही. मला त्याचं नवल वाटायचं, आणि रागही यायचा.

पण एक मात्र झालं. कुलूप लागल्यावर लोक थोडे शांत झाले. देवळात यायचे, देवाला हात जोडायचे आणि जाता जाता कुलपालाही. "कुलूप हाय म्हंजे माल हाय," नथू म्हणायचा. तो बायको-पोरांना घेऊन लोणावळ्याला बंगल्यांत कामाला जाणार होता. आता म्हणाला, "वाटणी घेऊनच जाऊ की. दिवाळी काय लांब हाय?"

झुंबरला कुलपाची बातमी नव्हती. ती खाली आली, सवयीनं ओवरीशी गेली आणि उभी राहिली. बराच वेळ पाऊल वाजलं नाही, म्हणून मी मागे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वळले. तिच्या हातांत काहीच नव्हतं, तेव्हा नेम मोडला असं मला वाटलं नाही. तिचा चेहरा तापानं तांबडा झाला होता आणि धाकटं पोर झोळीत निजलेलं. निजलेलंच असावं.

"गुरवीणबाई, कुलूप का वो?"

मी सांगितलं.

"म्हंजे दिवाळीनंतर," ती म्हणाली. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग सोडून दिलं. "वर चढताना लय दम लागतोय आता. उतरताना काय वाटलं न्हाई."

माझ्या घरी मडक्यात कण्या होत्या, त्यांतल्या काढून दिल्या. त्या बांधताना तिच्या बोटांना गाठ मारता येईना, मी मारून दिली. आणि बोलले, "झुंबर, तू आता खाली उतरू नकोस. येत्या कार्तिकी एकादशीला माझा वाटा घेऊन मीच वर येते."

"तुमी? पाड्यावर?"

"येते म्हटलं ना."

"बगा हं. पोरीला सांगून ठिवते मी. ती वाट बगत बसंल." आणि जरा हसली. "तिला खोटं सांगितलेलं लगीच कळतंय."

ती गेल्यावर मला राहवेना. दिवा तसाच ठेवून मी अंबाजीआबांच्या घरी गेले. ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. मी आयुष्यात कुणाला उंच आवाजात बोलले नाही, त्या दिवशीही नाही. एवढंच म्हटलं, "आबा, दोन लेकरांपुरतं काढून द्या. बाकीचं राखा खुशाल. भैरोबाची कणगी राखायची म्हणून भैरोबाची लेकरं मारायची नाहीत."

ते भिंतीला धरून उठले. "चल."

देवळात तेव्हा कुणी नव्हतं. आबांनी कुलूप काढलं, मला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. "काढ बोळा."

मी बोळा काढला. पूर्वी तो काढला की तांदूळ आपण होऊन हातावर यायचे. आता भोकातून थोडं तूस आलं आणि थोडी धूळ. मी हात आत घातला, कोपरापर्यंत. कणगीचा तळ लिंपलेला होता, गार आणि गुळगुळीत. एका कडेला दोनचार दाणे बोटांना लागले. नाचणीचे होते.

"त्या दिवशी मी दगडावर चढलो तवा चोर हुडकत हुतो," आबा म्हणाले. "चोर असता तर बरं झालं असतं, सरू. त्याच्या घरातनं काहीतरी वढून आणलं असतं. चोर न्हाईच. समद्यांनी आपापली वंजळच घेतली. टाकणारा मातुर एक उरला न्हाई."

"मग कुलूप?"

"उघडं ठिवलं असतं तर त्याच दिवशी गाव मेलं असतं. आता निदान दिवाळीची वाट बगतायत. वडगावला स्वस्त धान्य येणार म्हणतात. आलं तर आलं. तवर शिव्या खायला मी हाय की. त्यानं कुटं पोट दुखतंय?"

मी बोळा परत लावला. का लावला कोण जाणे. सवय.

त्यांनी करदोट्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. हात भाजत होता त्यांचा. "माझं काय खरं न्हाई. मान दुखाय लागलीया काल धरनं. बोलू नगंस कुणापाशी."

दिवाळीच्या आतच अंबाजीआबा गेले. खांदा द्यायला माणसं पुरेनात, त्यांतही दोघे म्हणाले की म्हाताऱ्यानं कणगी खाल्ली आणि वर घेऊन चालला. मी ऐकून घेतलं. देवापुढे रोज दिवा लावणारं माझं तोंड, त्यानं खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. आणि खरं बोलायची मला बंदी. म्हणून मी बोलायचंच कमी केलं.

आता लोक मलाच विचारू लागले. किल्ली माझ्याकडे आहे हे कळलं होतं. "कवा उघडणार?" मी म्हणायची, "आबांनी सांगितलंय दिवाळी सरल्यावर." हे खोटं नव्हतं. पण हे म्हणताना माझी नजर मी समईवरच ठेवायची.

एक दिवस शालूबाई आल्या. त्यांचा मुलगा तापातून उठला होता. नवस बोलल्या होत्या की तो उठला की त्या दिवशी घरात काही असो नसो, कणगीत मूठ पडेल. पदरातून मूठ काढून त्या नळीपाशी गेल्या. दाणे आता तांदळावर पडणार नव्हते. कोरड्या तळावर वाजणार होते, आणि रिकाम्या देवळात तो आवाज साऱ्या गावाला कळला असता. त्यांची मूठ सुटली तशी मी उठून घंटेचा टोल दिला. एक दिला, आणखी दिला. घंटेचा नाद विरेपर्यंत आत सगळं निजलं होतं.

"अगं, आरतीची येळ न्हाई आन् काय न्हाई," शालूबाई दचकून म्हणाल्या.

"तुमचा नवस देवाच्या कानावर घातला," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाया पडू लागल्या, मी त्यांना धरलं.

नथू मात्र अजून थांबलेला होता. बायको अंथरुणावर नव्हती, पोरंही चालण्याजोगी होती, अजून निघण्याजोगं घर होतं त्याचं. रोज यायचा, कुलपाला हात लावून जायचा. त्याला मी एका दुपारी पायरीवर गाठलं. "नथूभाऊ, वाटणीसाठी थांबू नका. लोणावळ्याला जा."

"का वो वैनी? आमचा वाटा कापताय व्हय?"

"जा," मी म्हटलं. "आज निघालात तर उद्यापेक्षा बरं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कुलपाकडे, मग नळीकडे. "माझ्या तोंडातनं म्हाताऱ्याला लय वंगाळ गेलं," एवढंच पुटपुटला. दुसऱ्या दिवशी त्याचं दार बंद होतं. कुणाला सांगून गेला नाही. पुढे लोणावळ्यात त्याचं काय झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही.

दिवाळी सरली. वडगावला चालत जाऊन चौकशी करून येईल असं कुणी उरलं नव्हतं. लोक आता कुलपापाशीही येईनासे झाले. त्यांना कळलं होतं की काय, की नुसतंच बळ संपलं होतं, मला सांगता यायचं नाही.

कार्तिकी एकादशी उजाडली. मी नदीवर गेले. पात्रात अंग बुडण्याइतकं पाणी नव्हतं, तांब्यानं घेतलं. तुळस केव्हाच वाळली होती, तिच्या काड्यांना पाणी घातलं. दिवा लावला. तेल संपत आलं होतं, म्हणून वात बारीक केली. मग घरी येऊन मडकं पालथं केलं. निघालेल्या कण्यांतला आमच्या घरच्यांचा वाटा वेगळा ठेवला आणि माझा पदरात घेतला. फार नव्हता.

मग ओवरीचं कुलूप काढलं. दगडावर चढले. सासूबाईंचं नाव घेतलं आणि कणगीत पाहिलं. वरून अंधारच दिसला. जरा वेळानं डोळे सरावले तेव्हा तळाशी शालूबाईंच्या नवसाची मूठ दिसली. नळीखाली नीट एका जागी पडलेली, पांढरी. खाली उतरून बोळा काढला आणि एकेक दाणा चाचपून पदरात घेतला. नाचणीचे ते दाणेही घेतले. दाराला परत कुलूप लावलं. आत काही नव्हतं, तरी लावलं.

आमचे घरचे ओट्यावर बसून होते. पदराची गाठ बघून म्हणाले, "कुटं?"

"वरच्या पाड्यावर. झुंबरकडे."

ते डोंगराकडे बघत राहिले. पाड्याचा उतार तिथून सरळ दिसायचा. "कालधरनं तितनं धूर दिसला न्हाई, सरू. परवाबी न्हाई."

"मलाही दिसला नाही."

"मग?"

"मी येते म्हणाले होते. तिनं पोरीला सांगून ठेवलंय."

त्यावर ते चेष्टा करतील असं मला वाटलं. त्यांनी भिंतीला टेकवलेली आपली काठी उचलली आणि माझ्यापुढे धरली. ती घेतली तर त्यांना माघारी आत जाताना धरायला काही राहणार नव्हतं. तरी त्यांनी हात मागे घेतला नाही, म्हणून मी ती घेतली.

वेशीबाहेर खाचरांचे बांध होते, बांधांवरून पाड्याची वाट. भाताची धसकटं तशीच उभी होती, कुणी गुरं घातली नव्हती. मी पदराची गाठ एका मुठीत धरली, दुसऱ्या हातात काठी घेतली आणि चढाला लागले.